गल्लोगल्ली सापळे: पक्षी वाचवायला न्यूझीलंडचे लोक उंदरांच्या मागे का लागलेत?

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. शहराच्या पूर्वेला मिरामार नावाचा भाग समुद्रात घुसलेला आहे. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर विमानतळ. सुमारे २०,००० माणसं इथे राहतात. घरं, शाळा, हॉटेलं, गोदामं, कचऱ्याचे डबे, म्हणजे उंदराला लागतं ते सगळं जागेवर हजर. असं असूनही २०२३ च्या अखेरीस जाहीर झालं की इथे आता उंदीर, स्टोट आणि वीझल उरलेले नाहीत. पॉसम तर २००६ मध्येच संपले होते. पगारी पथकं होतीच, पण हजारो रहिवाशांनी आपापल्या अंगणात सापळे ठेवू दिले, त्यांची निगा राखली, तेव्हा कुठे हे जमलं.

उंदीर मारणं हे वन्यजीव वाचवण्याचं काम कसं, असा प्रश्न आपल्याला पडतोच. ही काही चार हौशी लोकांची टूम नाही. जुलै २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन की यांनी 'प्रेडेटर फ्री २०५०' ही मोहीम जाहीर केली. उंदरांच्या तीन जाती, पॉसम आणि स्टोट-वीझल-फेरेट हे त्रिकूट २०५० पर्यंत अख्ख्या देशातून नाहीसं करायचं, असं तिचं उद्दिष्ट. पॉसम म्हणजे झाडावर राहणारा, झुपकेदार शेपटीचा, साधारण मांजराएवढा ऑस्ट्रेलियन प्राणी. स्टोट, वीझल आणि फेरेट हे एकाच कुळातले, लांबट अंगाचे, आखूड पायांचे चपळ शिकारी. त्यातला स्टोट सगळ्यात घातक.

उंदीर कुठे नसतात? मग इथेच काय बिघडलं?

सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग गोंडवन या महाखंडापासून सुटला आणि एकटा पडला. जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणाल तर इथे फक्त वटवाघळं. बाकी सगळं रान पक्षी, सरडे आणि कीटकांचं. चरणाऱ्या जनावरांची जागा मोआ नावाच्या प्रचंड पक्ष्यांनी घेतली होती. किवी जमिनीवर चोच खुपसत हिंडतो, काकापो हा पोपट असूनही उडत नाही.

या पक्ष्यांना शत्रू नव्हते असं नाही. होते, पण ते आकाशात होते: गरुड, ससाणे. नजरेनं शिकार करणाऱ्या शत्रूसमोर वाचायचं तर जागच्या जागी थिजायचं आणि पिसांच्या रंगात मिसळून जायचं. लाखो वर्षं हा डाव यशस्वी ठरला. मग नाकानं शिकार करणारा प्राणी आला. काकापोच्या अंगाला उग्र वास असतो आणि घाबरला की तो स्तब्ध उभा राहतो. पुढचं सांगायला नको.

हे पाहुणे आले ते माणसाबरोबरच. तेराव्या शतकाच्या सुमारास पॉलिनेशियातून माओरींचे पूर्वज आले, त्यांच्यासोबत कियोरे हा छोटा उंदीर आला. १७६९ मध्ये कॅप्टन कुक पोचला आणि त्यानंतरच्या युरोपीय जहाजांतून उंदरांच्या आणखी दोन जाती उतरल्या: नॉर्वे उंदीर आणि जहाजी उंदीर. पॉसम फरच्या धंद्यासाठी मुद्दाम आणून सोडला, १८५८ च्या सुमारास तो रुजला. ससे शिकारीसाठी आणि मांसासाठी आणले. त्यांनी मेंढ्यांची कुरणं फस्त केली, तेव्हा सशांवर उतारा म्हणून १८८० च्या दशकात स्टोट, वीझल आणि फेरेट आणले. असं करू नका, असं पक्षी-अभ्यासक तेव्हाच सांगत होते. स्टोट सशांच्या मागे काही दिवस लागला असेलही, पण जमिनीवर घरटं करणारा पक्षी त्याला जास्त सोपा होता.

किवीचं उदाहरण घेऊ. मादीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं एक अंडं. पिल्लू बाहेर आलं की आई-बाप त्याला भरवत नाहीत. पहिले काही दिवस ते पोटातल्या बलकावर काढतं, मग स्वतःच किडे शोधायला निघतं. वजन किलोभर होईपर्यंत स्टोटसमोर त्याचा टिकाव लागत नाही. त्यानंतर मात्र त्याची लाथ स्टोटला भारी पडते. मधल्या काही महिन्यांतच सारा खेळ संपतो. जिथे शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त नाही तिथे शंभरातली जेमतेम पाच पिल्लं वयात येतात. बंदोबस्त असलेल्या भागात पन्नास-साठ. पक्षी तेच, रानही तेच.

१९६४: दोन बेटं, दोन निकाल

ऑकलंडजवळच्या समुद्रात नॉइझेस नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातलं मारिया बेट अगदी लहानसं. तिथे उंदीर पोचले आणि वादळी पाखरू म्हणावं अशा एका चिमुकल्या समुद्रपक्ष्याची मृत शरीरं बेटभर दिसू लागली. 'फॉरेस्ट अँड बर्ड' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी १९६० च्या सुमारास तिथे विष टाकलं. फार मोठा बेत वगैरे नव्हता. १९६४ मध्ये पाहिलं तर बेटावर एकही उंदीर नव्हता. बेटावरचे उंदीर पूर्ण संपवता येतात, हे त्यांनी जवळजवळ अनवधानानं दाखवून दिलं.

त्याच वर्षी देशाच्या पार दक्षिण टोकाला, बिग साउथ केप बेटावर उलट घडलं. तिथे जहाजी उंदीर शिरले होते. उंदीर खरंच एवढं नुकसान करतात का, यावर तज्ज्ञांत वाद चालू होता. काहींचं म्हणणं, थांबून पाहू. वन्यजीव खात्याच्या माणसांनी धावपळ करून ३६ सॅडलबॅक पक्षी दुसऱ्या बेटांवर हलवले. दक्षिणेकडचे आजचे सॅडलबॅक त्या ३६ चे वंशज. बुश रेन हा पक्षी, स्नाइपची एक जात आणि वटवाघळाची एक जात मात्र जगातून गेली ती गेलीच. वाद तिथेच मिटला.

त्यानंतर बेटांमागून बेटं साफ होत गेली. २००१ मध्ये ११,३०० हेक्टरच्या कॅम्पबेल बेटावर हेलिकॉप्टरनं विष टाकून उंदीर संपवले. काकापोंची संख्या १९९५ मध्ये ५१ होती, २०२२ मध्ये ती अडीचशेच्या घरात पोचली. ते वाचले ते अशा मोकळ्या केलेल्या बेटांवरच.

मग मुख्य भूमीवर घोडं कुठे अडतं?

बेटाला समुद्राचं कुंपण असतं, तिथे राहणारं सहसा कुणी नसतं. शहरात दोन्ही गोष्टी उलट्या. हेलिकॉप्टरनं वस्तीवर विष टाकता येत नाही. सरकारी माणूस राष्ट्रीय उद्यानात हिंडू शकतो, पण तुमच्या स्वयंपाकघराच्या मागे, गॅरेजच्या फळीखाली, कोंबड्यांच्या खुराड्याशी जायला त्याला तुमची परवानगी लागते. आणि शहरातला उंदीर नेमका तिथेच असतो. नागरिकांचा सहभाग इथे लागतो तो या साध्या कारणासाठी. त्यात भावनेचा भाग आहे, पण तो नंतर येतो.

इथे दोन शब्द वेगळे करून घेऊ. 'नियंत्रण' म्हणजे संख्या कमी ठेवणं. हात आखडला की ती पुन्हा वाढते. 'निर्मूलन' म्हणजे शेवटचा प्राणीही जाणं आणि नवा येऊ न देणं. नियंत्रण निम्म्या शेजाऱ्यांच्या भरवशावर चालतं, निर्मूलन चालत नाही. गच्चीला वॉटरप्रूफिंग करताना एक कोपरा सुटला तर पाणी तिथूनच येतं, बाकीचं काम कितीही चोख असो. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-दहा पिल्लं. सुटलेल्या कोपऱ्यातली एक जोडी पुरे होते.

स्टोट तर याच्याही पुढचा. मादी पिल्लं बिळात असतानाच नर येऊन त्यांना फळवून जातो आणि तो गर्भ महिनोन्‌महिने सुप्त राहतो. म्हणजे पोहत पोहत एखाद्या बेटावर पोचलेली एकटी मादीही बहुधा गाभणच असते. तिला जोडीदार शोधावा लागत नाही.

शेवटचा एक प्राणी पकडणं किती अवघड, याचा किस्सा त्याच नॉइझेस बेटांवरचा. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये रेडिओ कॉलर घातलेला एक उंदीर मुद्दाम मोटुहोरोपापा या रिकाम्या बेटावर सोडला. बेट दहा हेक्टरसुद्धा नाही. उंदराचं नाव रॅझा. सापळे, विष, शिकवलेले कुत्रे, सगळं लावलं. दहा आठवडे तो हाती लागला नाही आणि मग गायबच झाला. तो ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या ओटाटा बेटावर गेला होता. अखेर १८ आठवड्यांनी सापडला, तोही पेंग्विनच्या ताज्या मांसाचं आमिष लावल्यावर. कुठे आहे हे बराच काळ माहीत असलेल्या एका उंदराची ही गोष्ट. शहरात माहीत नसलेल्यांचं काय, याची कल्पना करा.

सापळा लावणं म्हणजे नेमकं काय?

अंगणातला सापळा उघडा नसतो. लाकडी खोक्यात असतो, म्हणजे पक्षी, मांजर किंवा लहान मूल त्यात अडकत नाही. उंदरासाठी आमिष म्हणजे वाटाण्याएवढं पीनट बटर. स्टोटसाठी संवर्धन खात्यानं तयार केलेला 'डॉक २००' हा भक्कम स्प्रिंगचा सापळा वापरतात. लांब लाकडी पेटी, तोंडाशी जाळीचे दोन आडोसे, दोघांनाही छोटी भोकं, एकासमोर एक नाही तर तिरकी. त्यामुळे आत शिरणाऱ्याला वळून नेमका पट्टीवरच पाय द्यावा लागतो. पलीकडे कोंबडीचं पांढरं अंडं, लांबून दिसेल असं.

नवशिक्या माणसाची घाई होते ती पहिल्याच दिवशी सापळा ताणण्यात. उंदीर, त्यातही नॉर्वे उंदीर, नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून खोकं काही दिवस नुसतंच ठेवायचं, आमिष लावायचं, त्याला खाऊन जाऊ द्यायचं आणि सवय झाली की मग सापळा ताणायचा. जागाही विचार करून निवडायची: भिंतीच्या कडेनं, ओढ्याकाठी, पडलेल्या ओंडक्याला लागून, कारण हे प्राणी मोकळ्यावरून जात नाहीत, कडेकडेनं जातात. शहरी भागात दर पाच घरांमागे एक सापळा असावा, असं 'प्रेडेटर फ्री न्यूझीलंड ट्रस्ट' सांगतो. प्रत्येकानं लावायलाच हवा असं नाही, पण मोठी भगदाडं राहता कामा नयेत.

सापडलेला प्राणी काढायचा, आमिष बदलायचं, ॲपवर नोंद करायची. दर आठवड्याला, पंधरवड्याला, वर्षानुवर्षं. बातमीत यावं असं या कामात काही नसतं आणि बहुतेक गट मोडतात ते याच कंटाळ्यापायी.

किती मारले, हा प्रश्नच चुकीचा

गटांच्या फलकांवर 'या महिन्यात इतके उंदीर' असा आकडा हौसेनं लिहिलेला असतो. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत फसवा आकडा. जास्त उंदीर सापडले म्हणजे काम छान चाललंय, की उंदीरच फार झालेत? आकड्यावरून कळत नाही. उलट मोहीम जितकी यशस्वी तितके सापळे रिकामे, आणि रिकामे सापळे पाहून स्वयंसेवकाचा उत्साह मावळतो.

कळायला हवं ते उरले किती. त्यासाठी दोन स्वस्त साधनं आहेत. एक, चघळपट्टी: पोकळ प्लॅस्टिकच्या पुठ्ठ्याच्या खाचांत पीनट बटर भरून ती झाडाला ठोकायची आणि काही दिवसांनी दातांच्या खुणा वाचायच्या. चिटुंदराची, म्हणजे छोट्या घरउंदराची, कुरतड बारीक असते, उंदराची त्याहून रुंद, पॉसम अख्खा कोपरा चिरडून ठेवतो. दुसरं, शाईचा बोगदा: मध्ये शाईची पट्टी, दोन्हीकडे कागद, आत आमिष. येणारा आपल्या पायांचे ठसे उमटवून जातो. शंभर बोगद्यांपैकी किती बोगद्यांत उंदराचे ठसे, हा खरा मापदंड. नाजूक प्रजातींच्या रानात तो पाच टक्क्यांखाली असावा, असा प्रयत्न असतो.

रानाचं स्वतःचंही एक वेळापत्रक आहे. काही वर्षी तिथल्या 'बीच' नावाच्या वृक्षांना अमाप बी धरतं. बी खाऊन उंदीर वाढतात, उंदीर खाऊन स्टोट वाढतात. बी संपलं की उंदीर आणि स्टोट दोघेही पक्ष्यांवर उलटतात. २०१४ आणि २०१९ ही अशीच वर्षं होती. त्या काळात हातानं लावलेले सापळे अपुरे पडतात.

प्राणी मारून प्राणी वाचवायचे, हे पटतं का?

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. उंदराला किंवा स्टोटला वेदना होतात आणि त्याला कुणी विचारून इथे आणलेलं नाही. निसर्ग आपलं संतुलन आपण साधेल, हे उत्तर मात्र चालणार नाही. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, किवीच्या पिल्लाकडे काही महिने असतात. हात न लावणं हाही निर्णयच असतो, बिग साउथ केपवर तो घेऊन झालेला आहे.

उरतो प्रश्न मारायचं कसं. न्यूझीलंडचा प्राणी कल्याण कायदा १९९९ चा आहे. सापळा ठरावीक वेळात प्राण्याला बेशुद्ध करतो का याची चाचणी घेण्याची पद्धत आहे. तीन मिनिटांची मर्यादा ओलांडली तर सापळा नापास. चिकट गोंदाच्या फळ्या, ज्यांवर प्राणी तासन्‌तास तडफडतो, त्या २०१५ पासून खास परवानगीशिवाय विकायला आणि वापरायला बंदी आहे. या कामात मनाला बेफिकिरी येण्याचा धोकाही आहे. २०२३ मध्ये नॉर्थ कँटरबरीतल्या एका शिकार स्पर्धेत मुलांसाठी रानटी मांजरं मारण्याचा गट ठेवला होता. ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. ओरड योग्यच होती.

आणखी एक आक्षेप माओरी समाजातून आलेला. कियोरे हा त्यांच्या पूर्वजांनी होडीतून आणलेला उंदीर, एके काळचं अन्न. न्गातिवाई जमातीसाठी तो ठेवा आहे आणि सरसकट उच्चाटनाला त्यांनी हरकत घेतली होती. एकाचा उपद्रव दुसऱ्याचा वारसा असू शकतो, हे सरकारी यादीत मावत नाही.

आणि ते विष?

सगळ्यात कडवा वाद याचा. 'टेन-एटी' या नावानं ओळखलं जाणारं सोडियम फ्लुरोॲसिटेट धान्याच्या गोळ्यांतून दुर्गम रानात हेलिकॉप्टरनं टाकतात. ते मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळे विघटन पावतं, साचून राहत नाही. पण कुत्र्यांना ते फार घातक असतं आणि किया या पहाडी पोपटाचे मृत्यूही नोंदले गेले आहेत. पर्यावरणविषयक संसदीय आयुक्त जॅन राइट यांनी २०११ मध्ये सगळा पुरावा तपासला आणि वापर थांबवू नये, असाच निष्कर्ष काढला. सापळ्यांनी डोंगरदऱ्यांतली लाखो हेक्टर झाकता येत नाहीत, हे त्यामागचं वास्तव.

अंगणातल्या माणसाचा टेन-एटीशी संबंध येत नाही, त्याला परवाना लागतो. त्याच्या हाती येतं ते दुकानात मिळणारं रक्त न गोठू देणारं विष. त्यातलं ब्रोडिफॅकम प्राण्याच्या यकृतात महिनोन्‌महिने राहतं आणि मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत पोचू शकतं. घराजवळ सापळा बरा, तो यासाठी.

२०५० पर्यंत होईल?

वेलिंग्टनमध्ये फळ दिसतंय. शहरातच झीलँडिया हे २२५ हेक्टरचं अभयारण्य आहे, त्याला ८.६ किलोमीटरचं प्राणिरोधक कुंपण आहे. पक्षी कुंपणापलीकडे उडतात, त्यामुळे आजूबाजूच्या अंगणांतले सापळे हेच त्यांचं पुढचं संरक्षण. टुई आणि काका हे पक्षी आता शहरात सहज दिसतात. 'कॅपिटल किवी' या प्रकल्पानं शहराबाहेरच्या टेकड्यांवर साडेचार हजारांच्या आसपास सापळे लावले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे किवी सोडले. शंभराहून जास्त वर्षांनी त्या टेकड्यांवर रानटी किवी आले.

पण द्वीपकल्प साफ होणं वेगळं आणि ऑकलंडसारखं शहर साफ होणं वेगळं. पैशाचंही अवघड आहे: मोहिमेसाठी स्थापन केलेली सरकारी कंपनी बंद करून तिचं काम संवर्धन खात्याकडे देण्याचा निर्णय २०२५ च्या अर्थसंकल्पात झाला. आजच्या साधनांनी २०५० गाठता येईल असं मला वाटत नाही. मात्र मिरामारसाठी ते वर्ष उजाडायची गरज पडली नाही.

मांजरांचं काय करायचं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं 'प्रेडेटर फ्री २०५०' च्या यादीत रानटी मांजरांचीही भर घातली. रानटी म्हणजे माणसाच्या आधाराशिवाय रानात जन्मून वाढणारी. पाळीव मांजरं यात नाहीत. मांजर तर उंदीर मारतं, मग त्याला का हटवायचं, असं लगेच विचारलं जातं. याचं उत्तर ऑकलंडजवळच्या हाउटुरू बेटानं दिलंय आणि ते सरळसोट नाही. १९८० मध्ये तिथली मांजरं संपवली, तर कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्लं जगण्याचं प्रमाण उलट घटलं, कारण कियोरेंना मोकळं रान मिळालं. २००४ मध्ये कियोरेही संपवले, तेव्हा ते प्रमाण झपाट्यानं वाढलं. मांजरं काढायची तर उंदरांचाही बंदोबस्त लागतोच, एकावर थांबता येत नाही.

वस्तीच्या कडेला मात्र भलतीच अडचण आहे. तिथे मांजरासाठी जिवंत पकडणारा पिंजरा लावतात. सकाळी पिंजऱ्यात बसलेलं भेदरलेलं मांजर रानटी आहे की दोन गल्ल्या पलीकडच्या कुणाचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पाळलेलं मांजरही पिंजऱ्यात फिस्कारतंच. वेलिंग्टनच्या नगरपालिकेनं २०१८ पासून पाळीव मांजरांना मायक्रोचिप सक्तीची केली, त्यामुळे तिथे यंत्र फिरवलं की मालक कळतो. देशभर अशी सक्ती नाही, आणि ती असावी की नसावी यावर मांजरप्रेमी आणि पक्षीप्रेमी यांचं भांडण सध्या जोरात आहे. गंमत म्हणजे सक्ती हवी म्हणणारे दोन्ही बाजूंना आहेत.